नव्या लॅपटॉपमध्ये अँटीव्हायरस असतो, मग पायथन का नाही?

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरमध्ये मुलाला बीएससी आयटीला प्रवेश मिळाला की घरचे ईएमआयवर लॅपटॉप घेतात. विंडोजच्या त्या लॅपटॉपमध्ये बहुतेकदा अँटीव्हायरसची ट्रायल असते, पायथन नसतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पायथन’ टाइप केलं तर थेट मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं! याउलट १९८४ च्या ‘क्लास’ योजनेत भारतातल्या काही शाळांत आलेला बीबीसी मायक्रो सुरू करताच बेसिक भाषा समोर यायची.

आधीच टाकलेलं व्हर्जन जुनं होतं, हा आक्षेप खरा. ॲपलने २०२२ मध्ये मॅकओएसमधून पायथन २ काढूनच टाकलं. व्हिज्युअल स्टुडिओसारखं काही जीबींचं टूल तर कुणी आधी टाकूच नये. पण पायथनचं डाउनलोड जेमतेम ३० एमबींच्या आसपास आहे. ते द्यायलाच हवं.

तोवर लॅपटॉप घेतानाच दुकानदाराकडून टाकून घ्या. किंवा क्रोममध्ये एफ१२ दाबा, कन्सोलमध्ये जा. तिथे जावास्क्रिप्ट काहीही इन्स्टॉल न करता चालतं, हॉटस्पॉट बंद असला तरी.