अक्षरे माहेरीच राहिली

लग्नघरात पत्रिकेइतकी घाईची वस्तू दुसरी नसेल. हल्ली ती घरचाच कुणी हौशी तरुण पुण्या-मुंबईस बसून संगणकावर सजवतो आणि गावच्या छापखान्याकडे पाठवून देतो. छापखान्यात ती उघडावी, तो पडद्यावर पाटी झळकते : अमुक फाँट सापडत नाही!

दारव्ह्यास आमच्या एका आप्तांकडे हा प्रकार मी नुकताच पाहिला. मुलीचे नाव कमल. फाईल उघडली, तर गणपती जागेवर, वेलबुट्टी जागेवर, आणि वधूच्या नावाच्या ठिकाणी तीन इंग्रजी अक्षरे : डी, ई, वाय! लग्न पंधरा दिवसांवर आलेले. वधूपित्याचा चेहरा उतरला. छापखान्यातला तरुण मात्र शांतपणे म्हणाला, "घाबरू नका काकाजी, पत्रिका बिघडली नाही. अक्षरं तिकडंच राहिली ना!"

अगदी नेमके बोलला तो. फाईल म्हणजे छापलेला कागद, अशी आपली समजूत असते. वस्तुतः तिच्यात बहुधा अक्षरांचे आकार नसतात. असतो केवळ निरोप, की अमुक फाँटातले अमुक अक्षर येथे मांडा. तो फाँट त्या यंत्रात नसला, म्हणजे संगणक पदरचा दुसरा लावून मोकळा होतो. इंग्रजीत त्याने फार तर वळण बदलेल. मराठीत मजकूरच बदलतो; कारण कृतिदेवसारख्या जुन्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर मराठी अक्षरे बसवली आहेत. डीच्या खुर्चीवर क, ईच्या खुर्चीवर म, वायच्या खुर्चीवर ल. फाँट नाहीसा झाला, की रिकाम्या खुर्च्या तेवढ्या दिसतात.

दारव्हेकरांना हे लवकर उमजेल. त्यांची शकुंतला आता बंद आहे. पण ती धावत होती तेव्हा मुर्तिजापुरास उतरून मोठ्या गाडीत बसावे लागे. अरुंद रुळांवरचा डबा रुंद रुळांवर जात नसे. जुन्या फाँटांचेही तसेच. प्रत्येकाचे रूळ निराळे. 1991 साली युनिकोड आले आणि त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक मिळाला. र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' हा त्याच पद्धतीचा फाँट. युनिकोडमध्ये फाँट हरवला, तरी कमलची कमलच राहते. फार तर तिचा पोशाख बदलतो.

आमच्या वधूपित्याचे काम एका दूरध्वनीत भागले. भाच्याने अक्षरांच्या आकृती करून, म्हणजे कोरलच्या भाषेत 'कर्व्ह' करून, फाईल पुन्हा पाठवली. मात्र आकृती झालेल्या अक्षरांत शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही; म्हणून मूळ प्रत निराळी राखावी. नाहीतर फाँट आत बसवलेली पीडीएफ धाडावी, आणि ती पाटी दिसताच 'ठीक आहे' म्हणून पुढे न जाता फाँटाचे नाव टिपून घ्यावे.

सगळेच बिघडले, तर ते निदान दिसते. भीती असते ती एखादेच जोडाक्षर निसटण्याची. 'दारव्हा' या नावातला अर्धा व गळला, तर घाईत कुणाच्या ध्यानात येणार? छपाईपूर्वी कागदावरची एक प्रत घरातल्या वडीलधाऱ्यांकडून वाचून घ्यावी, ती यासाठीच.

पत्रिका पुन्हा छापता येते. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी टंकलिखित करून ठेवलेला कुळवृत्तांत, शाळेची स्मरणिका, आजोबांच्या आठवणी? त्यांचा फाँट कोणता, हे ठाऊक असलेला माणूस आहे तोवर त्या फायली उघडा, मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्या आणि कागदावर एक प्रत काढा. यंदाच्या दिवाळीत माळा आवरताना तेवढी एक जुनी सीडीही खाली काढावी.