पर्यायी बॅटरी आणि नावाची जबाबदारी

मोबाइल फोनमुळे घरोघरचा डिजिटल कॅमेरा कपाटात जाऊन बसला असला, तरी तो अद्याप निवृत्त झालेला नाही. घरात लग्नकार्य निघाले, वडीलधाऱ्यांची पंचाहत्तरी ठरली, यात्रेचा किंवा परदेशप्रवासाचा बेत झाला, की त्याची आठवण होते. कॅमेरा ठीक असतो, लेन्स स्वच्छ असते. साथ सोडलेली असते ती बॅटरीने. रात्रभर चार्ज करूनही चाळीस-पन्नास छायाचित्रांतच ती मान टाकते. जुन्या मॉडेलची मूळ बॅटरी एक तर मिळेनाशी झालेली असते, किंवा मिळाली तरी तिची किंमत ऐकून ग्राहक विचारात पडतो. अशा वेळी दुकानदार त्याच आकाराची, पण पुष्कळ स्वस्त अशी दुसरी बॅटरी पुढे ठेवतो आणि सांगतो, ‘हिनेही काम होते.’ ते काम कसे होते, किती काळ होते आणि बिघडले तर उत्तर कोण देतो, हे समजून घेतल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

बाजारात या बॅटऱ्यांसाठी तीन शब्द चालतात : ओरिजिनल, कंपॅटिबल आणि डुप्लिकेट. ओरिजिनल म्हणजे कॅमेऱ्याच्या उत्पादकाने स्वतःच्या नावाने विकलेली बॅटरी. कंपॅटिबल म्हणजे दुसऱ्या उत्पादकाने, स्वतःचे नाव घालून, त्या कॅमेऱ्यात बसेल अशी तयार केलेली पर्यायी बॅटरी. डुप्लिकेट म्हणजे नामांकित उत्पादकाचे नाव आणि वेष्टन यांची चोरी करून विकलेली नक्कल. पहिल्या दोन प्रकारांत व्यवहार उघड असतो. तिसऱ्यात मुळातच फसवणूक असते. बोलताना मात्र पुष्कळ लोक कंपॅटिबल आणि डुप्लिकेट यांना एकाच तागडीत तोलतात. त्यामुळे प्रामाणिक पर्यायी उत्पादकावर अन्याय होतो आणि नकली मालाला आडोसा मिळतो.

फरक कुठे असतो, हे कळण्यासाठी बॅटरीच्या अंतरंगात डोकावले पाहिजे. लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१ मध्ये प्रथम बाजारात आणली. तिच्या जडणघडणीतील संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लहानशा जागेत मोठी ऊर्जा साठवणे हा या बॅटरीचा गुण, आणि तोच तिचा धोकाही. तिच्या धन आणि ऋण पट्ट्यांच्या मध्ये केसाहूनही पातळ असा प्लॅस्टिकचा पडदा असतो आणि सभोवती ज्वलनशील द्रावण असते. पडद्याला इजा झाली किंवा प्रमाणाबाहेर चार्जिंग झाले, तर आतल्या आत शॉर्टसर्किट होऊन उष्णता वाढते. ती आवरली नाही तर बॅटरी फुगते, क्वचित पेटही घेते.

म्हणूनच प्रत्येक चांगल्या बॅटरीत विद्युत्घटांबरोबर एक छोटे संरक्षक सर्किट बसवलेले असते. सामान्यतः एका घटाचा दाब ४.२ व्होल्टपर्यंत पोहोचला की त्याचे चार्जिंग थांबले पाहिजे. तसेच तो फार खाली उतरण्याआधी पुरवठाही तोडला पाहिजे. ही राखण ते सर्किट करते. मोठ्या कॅमेऱ्यांच्या बॅटरीत बहुधा दोन घट एकापुढे एक जोडलेले असतात. म्हणून तिच्यावर ७.२ व्होल्ट असा आकडा दिसतो. हे दोन घट तोडीस तोड असावे लागतात. एक सशक्त आणि एक दुबळा अशी जोडी जमवली, तर दुबळा घट आधी रिकामा होतो, चार्जिंगच्या वेळी समतोल बिघडतो आणि बॅटरी अकाली निकामी होते. बॅटरीतील तापमान चार्जरला कळवणारा एक घटकही असतो. काटकसरीसाठी त्याच्या जागी साधा रोधक बसवला, तर बॅटरी कितीही तापली तरी चार्जरला सारे काही आलबेल असल्याचेच कळत राहते. या सर्व गोष्टी प्लॅस्टिकच्या कवचाआड असतात. किमतीत जी बचत होते, ती पुष्कळदा नेमकी येथेच केलेली असते.

बाहेरून दिसणारा आकडा म्हणजे क्षमतेचा, मिलीअँपिअर-तासांचा. नकली मालात सर्वाधिक अतिशयोक्ती याच आकड्यात होते. कॅनन कंपनीची एलपी-ई६ ही बॅटरी २००८ मध्ये आली, तेव्हा तिची क्षमता १८०० होती. त्याच आकारात २०१४ मध्ये १८६५ क्षमतेची एलपी-ई६एन आणि २०२० मध्ये २१३० क्षमतेची एलपी-ई६एनएच आली. म्हणजे मूळ उत्पादकाला त्याच कवचात सुमारे १८ टक्के वाढ साधण्यासाठी १२ वर्षे लागली. अशा स्थितीत तेवढ्याच आकाराच्या, पाव किमतीच्या, निनावी बॅटरीवर २८०० किंवा ३००० असा आकडा छापलेला असेल, तर तो वाचून आनंदण्यापेक्षा सावध होणे शहाणपणाचे. पर्यायी बॅटरीचा आकडा मूळ बॅटरीच्या जवळपास असेल, तर तोच अधिक विश्वासार्ह मानावा.

आणखी एक बाब कॅमेरा आणि बॅटरी यांच्यातील संवादाची. वर उल्लेखिलेली एलपी-ई६ बॅटरी एका चिपद्वारे कॅमेऱ्याला आपली स्थिती कळवते : किती टक्के चार्ज शिल्लक आहे, या चार्जवर किती छायाचित्रे काढली, बॅटरीची चार्ज धरून ठेवण्याची ताकद किती उरली. पर्यायी बॅटरीत ही चिप नसेल किंवा तिची भाषा कॅमेऱ्याशी नीट जुळत नसेल, तर पडद्यावरचा आकडा भरवशाचा राहत नाही. निम्मी बॅटरी दिसत असताना कॅमेरा अकस्मात बंद पडतो. सहलीत असे झाले तर हळहळ वाटून विषय संपतो. पण मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर होण्याच्या क्षणी झाले, तर तो क्षण पुन्हा मिळत नाही. छायाचित्रण हाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांची तर त्या एका क्षणात वर्षानुवर्षांची पत जाऊ शकते.

या संवादाचा उपयोग उत्पादक दुसऱ्या रीतीनेही करू शकतात. २००९ मध्ये पॅनासॉनिक कंपनीने आपल्या काही लुमिक्स कॅमेऱ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल केला. त्यानंतर ते कॅमेरे मूळ बॅटरी ओळखू लागले आणि इतरांच्या बॅटऱ्या नाकारू लागले. कंपनीने सुरक्षिततेचे कारण दिले. अनेक ग्राहकांना मात्र त्यात मक्तेदारीचा वास आला. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. सदोष बॅटरीने अपघात झाला तर बोल कॅमेऱ्याच्या उत्पादकालाही लागतो. दुसरीकडे, कॅमेरा ज्याने पैसे देऊन विकत घेतला, त्याला त्यात कोणती बॅटरी घालावी हे ठरवण्याचा काही हक्क आहेच. शिवाय मूळ उत्पादकाने एखाद्या जुन्या बॅटरीचे उत्पादन थांबवले, की धडधाकट कॅमेरा भंगारात जाण्यापासून वाचतो तो पर्यायी बॅटरीमुळेच. तेव्हा पर्यायी बॅटरीला सरसकट दोष देणे न्यायाचे नाही.

मग निवड कशाच्या आधारे करावी? याचे उत्तर २०१२ च्या एका घटनेत सापडते. त्या वर्षी निकॉन कंपनीच्या ईएन-ईएल१५ या मूळ बॅटरीच्या काही नगांत अतितापाचा दोष आढळला. बॅटरीच्या मागे १४ अक्षरांचा लॉट क्रमांक छापलेला असतो. त्यातील नववे अक्षर ई किंवा एफ असलेल्या बॅटऱ्या परत मागवून कंपनीने त्या विनामूल्य बदलून दिल्या. या घटनेतून दोन बोध मिळतात. पहिला असा, की मूळ बॅटरीही निर्दोष असेलच असे नाही. दुसरा अधिक महत्त्वाचा : दोष निघाला तेव्हा ती बॅटरी परत बोलावता आली, कारण तिच्यावर नाव होते, क्रमांक होता आणि उत्तर देणारा कोणीतरी होता. निनावी बॅटरीत दोष निघाला, तर तिला परत कोण बोलावणार? पारख करायची ती मूळ की पर्यायी एवढ्यावरच नव्हे. नावाची जबाबदारी कोणी घेतली आहे, यावर करायची.

ही जबाबदारी वेष्टनावर वाचता येते. वेष्टनावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता आणि कमाल किरकोळ किंमत असली पाहिजे. अशा रिचार्जेबल बॅटऱ्यांना भारतात भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी लागू आहे. त्यासाठीचे मानक आयएस १६०४६ हे होय. नोंदणीकृत बॅटरीवर ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो ब्युरोच्या मोबाइल ॲपवर ताडून पाहता येतो. दुकानदाराकडून पक्के बिल अवश्य घ्यावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीबद्दल उत्पादकाला जबाबदार धरता येते; उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर ती जबाबदारी विक्रेत्यावरही येऊ शकते. बिल नसेल तर हा सारा आधार निसटतो. कॅमेरा अद्याप वॉरंटीत असेल, तर मूळ बॅटरीच वापरणे श्रेयस्कर. अन्य बॅटरीमुळे झालेला बिघाड वॉरंटीत सहसा धरला जात नाही.

पर्यायी बॅटरी घरी आणल्यावर तिची परीक्षा महत्त्वाच्या दिवसाआधीच घ्यावी. ती कॅमेऱ्यात अलगद बसते का, हे प्रथम पाहावे; दाबून बसवावी लागत असेल तर परत करावी. पहिले चार्जिंग माणूस जागा असताना आणि जवळ असताना करावे. बॅटरी कोमट होणे स्वाभाविक आहे. हात लावता येणार नाही इतकी तापणे धोक्याचे. पूर्ण चार्ज झाल्यावर कॅमेऱ्यात सलग चित्रीकरण लावावे, ते किती मिनिटे चालते याची नोंद करावी आणि मूळ बॅटरी अजून सुस्थितीत असेल तर तिच्याशी तुलना करावी. समारंभाच्या वेळी मूळ बॅटरी कॅमेऱ्यात आणि पर्यायी बॅटरी पिशवीत, असा क्रम ठेवला तर दोहोंचा लाभ मिळतो. चार्जर शक्यतो कॅमेऱ्याबरोबर मिळालेलाच वापरावा. दीर्घकाळ वापर नसेल, तर बॅटरी अर्धी चार्ज करून, कॅमेऱ्यातून काढून, थंड व कोरड्या जागी ठेवावी. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ती कधीही ठेवू नये.

विमानप्रवासात सुटी लिथियम बॅटरी सामानकक्षात जाणाऱ्या बॅगेत ठेवता येत नाही. ती हातातील बॅगेतच, संपर्कबिंदू झाकून न्यावी लागते. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना सामान्यतः वेगळी परवानगी लागत नाही, आणि कॅमेऱ्याची बॅटरी साधारणतः १५ वॉट-तासांच्या आसपास असते. परंतु तो आकडा बॅटरीवर छापलेला असावा. आकडाच नसलेली बॅटरी तपासणीत अडकू शकते.

फुगलेली बॅटरी मात्र मूळ असो वा पर्यायी, पुन्हा वापरू नये. तिला टोचू नये, दाबून सपाट करू नये, घरच्या कचऱ्यात टाकू नये. भारतात २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागू आहेत आणि वापरून संपलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्प्रक्रियेस पाठवण्याची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली आहे. ग्राहकाने एवढेच करायचे, की ती बॅटरी संपर्कबिंदूंवर चिकटपट्टी लावून ई-कचरा संकलन केंद्रावर पोहोचवायची.

काटकसर हा संसाराचा गुण आहे आणि पर्यायी बॅटरी घेणारा ग्राहक काही चूक करतो असे नाही. मात्र ज्या वस्तूवर कोणीही आपले नाव घालायला तयार नाही, तिची जोखीम शेवटी ग्राहकाच्याच घरात येऊन राहते. चार पैसे वाचवताना वेष्टन उलटून त्यावरचे नाव, पत्ता आणि क्रमांक वाचण्यास दोन मिनिटे लागतात. ती अवश्य द्यावीत.