तलावांच्या गावात विमानतळ

पनवेलमध्ये आज दोन माणसे भेटली की बोलणे जागेच्या भावावर आणि विमानतळावर येतेच. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचे उद्घाटन झाले. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचे झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमाने उडू लागली. माझ्या वर्गातली मुले आता विमानतळावरच्या नोकरीसाठी कोणता कोर्स करावा लागतो ते विचारतात. कुणाचे वडील रिक्षा चालवतात, कुणाचे बेकरीत कामाला आहेत. त्यांना हा विकास हवा आहे आणि तो मागण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. मी स्वतः नवीन पनवेलमध्ये, सिडकोने वसवलेल्या वसाहतीत राहतो. जिथे माझी इमारत उभी आहे तिथे एकेकाळी भात पिकत होता. त्यामुळे विकास नको, असे म्हणायला मी हे लिहीत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. विकासाच्या आराखड्यात वारसा आणि निसर्ग यांना जागा मिळते ती बहुतेक वेळा एकाच शब्दात : सुशोभीकरण. तलावाला कठडा, कठड्याला दिवे, भोवती फरशी, एक सेल्फी पॉइंट. संध्याकाळी माणसे फिरायला येतात, मुले खेळतात. हे चांगलेच आहे. पण त्या तलावात पाणी कुठून येत होते, जास्तीचे पाणी कुठे जात होते आणि ती वाट आज कुणाच्या पार्किंगखाली गेली आहे, हे त्या फरशीवर उभे राहून कुणी विचारत नाही. आपल्या भागातला वारसा ही नुसती बघायची वस्तू नाही. हे गाव पावसाळ्यात तगून राहावे म्हणून पूर्वीच्या लोकांनी केलेली ती व्यवस्था आहे. ती मोडली की पाणी थेट घरात येते.

भाषेचा शिक्षक असल्यामुळे शब्दांकडे माझे लक्ष जाते. 'वारसा' हा आपल्याला अगदी घरचा वाटणारा मराठी शब्द अरबी 'वारिस'वरून आला आहे. आणि वारिस होण्याचा एक नियम आपल्याकडे लहानथोरांना ठाऊक असतो. मयताचे कर्ज आधी फेडायचे, मग उरलेले वाटून घ्यायचे. शहराच्या बाबतीत आपण नेमके उलटे करतो. जमीन आधी वाटून घेतो आणि कर्ज पुढच्या पिढीच्या नावावर टाकतो.

पनवेलचे वाडवडील कोण होते ते बघा. हे खाडीवरचे बंदर. १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता गाडीसाठी खुला झाला, तेव्हा मुंबईचा प्रवासी बोटीने पनवेलला उतरायचा आणि इथून पुण्याकडे निघायचा. १८५२ मध्ये इथे नगरपालिका आली. देशातल्या अगदी जुन्या नगरपालिकांपैकी ही एक. बंदराच्या गावात असतात तशी सगळ्या जातीधर्मांची माणसे इथे होती. कोळी, आगरी, ब्राह्मण, गुजराती, कोकणी मुसलमान आणि बेने इस्राएल. बेने इस्राएलांचे बेथ एल सिनेगॉग १८४९ चे आहे, म्हणजे नगरपालिकेपेक्षाही जुने. गावातल्या एका तलावाचे नावच इस्राएल तलाव. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे ही बाकीची नावे. खाडीकाठच्या गावात इतके तलाव कशाला लागले? कारण खाडीचे पाणी खारे. गोडे पाणी साठवायचे, विहिरींना झरा मिळवून द्यायचा आणि डोंगराकडून येणारा पावसाचा लोंढा मध्येच थोपवायचा, ही सगळी कामे तलावच करतात. मंदिर, मशीद, सिनेगॉग सगळे याच पाण्यावर जगले. पाण्याचा वारसा कुणा एका समाजाचा नसतो, म्हणूनच त्याच्यासाठी मोर्चाही निघत नाही.

गावाबाहेर दुसरी एक व्यवस्था होती, तिचे नाव खारभूमी. आगरी, कोळी आणि कोकणी मुसलमान शेतकऱ्यांनी खाडीला मातीचे बांध घालून भातशेती उभी केली. त्या बांधात ठिकठिकाणी उघाडी असे. उघाडी म्हणजे पाण्याच्या दाबाने आपोआप मिटणारे आणि उघडणारे दार. भरती आली की खाडीचे पाणी दार बाहेरून दाबून बंद करते. ओहोटी लागली की शेतात साठलेले पावसाचे पाणी ते दार ढकलून बाहेर जाते. विजेचा पंप नाही, इंजिनीअर नाही. लागायचे ते एवढेच की गावाने मिळून बांध राखायचा, खांड पडली की रात्री-अपरात्री माती टाकायला धावायचे.

गंमत म्हणजे १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने या सखल जमिनीवर शहर वसवताना जी युक्ती वापरली, तीही हीच. तिला डच पद्धत म्हणतात आणि तलावांना होल्डिंग पॉण्ड, म्हणजे धारण तलाव. भरतीच्या वेळी पावसाचे पाणी या तलावांत थांबते आणि ओहोटीला एकतर्फी दारांतून खाडीत जाते. कळंबोलीसारखी वसाहत भरतीच्या पातळीच्या खाली आहे. ती या तलावाच्या भरवशावर उभी आहे. हॉलंडचे नाव घेतले की आपल्याला आदर वाटतो. तेच आजोबांनी केले की ते मागासलेले. शेतकऱ्याची उघाडी आणि सिडकोची दारे ही एकाच विचाराची दोन रूपे आहेत, हे शाळेच्या भूगोलाच्या तासाला कुणी सांगत नाही.

आता खरी अडचण बघा. या धारण तलावांत वर्षानुवर्षे गाळ साठला. गाळावर खारफुटी उगवली. खारफुटीला मुंबई उच्च न्यायालयाचे संरक्षण आहे. २००५ मध्ये न्यायालयाने तिच्या तोडीवर बंदी घातली आणि २०१८ च्या निकालात खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरच घाला असल्याचे सांगितले. हा निकाल योग्य आहे. खारफुटी लाटांचा मार अडवते, मासळीला अंडी घालायला जागा देते. पण तलावातला गाळ काढला नाही तर वसाहत बुडते, आणि काढायचा तर खारफुटीला हात लागतो, त्यासाठी न्यायालयाची परवानगी हवी. एका बाजूला निसर्ग, दुसऱ्या बाजूला माणसांची घरे, आणि दोन्ही बाजू खऱ्या. असा पेच 'झाडे लावा' म्हणून सुटत नाही. दरवर्षी वेळेवर गाळ काढला असता तर हा पेच पडलाच नसता. बांधाची माती दरवर्षी चढवायची हे आजोबांना ठाऊक होते. आपण उद्घाटने करतो, देखभाल करत नाही.

विमानतळाकडे वळू. ११६० हेक्टर जागा सपाट करायची म्हणून उलवे टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, दहा गावे उठली. भराव सुरू झाल्यावर पारगाव आणि डुंगी परिसरातल्या लोकांच्या घरात पावसाचे पाणी शिरू लागले. वाघिवली वाड्याजवळची केरूमाता लेणी या कामात नष्ट झाली. ही बौद्ध लेणी आहेत, ती वाचवा, म्हणून बौद्ध बांधवांनी आंदोलने केली. सरकारी यादीत ती संरक्षित स्मारक नव्हती, एवढ्यावर विषय संपला. वारशाची यादी कोण करतो यावर वारसा वाचतो की जातो हे ठरते. आपल्या एखाद्या जुन्या दर्ग्याचा प्रश्न आला की आपण हळहळतो. लेणी गेली तेव्हा आपल्यातले किती जण बोलले? ज्याचा वारसा त्यानेच रडायचे, असा रिवाज पडला तर एकेकाचा वारसा एकेकट्याने संपेल.

इथल्या लोकांनी शहरासाठी काय दिले तेही विसरता येत नाही. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्याजवळ आंदोलन झाले, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क आला. शेतकऱ्याला जमिनीची किंमत मिळाली, थोडी आणि उशिरा, पण मिळाली. ओढ्याला आणि तलावाला मात्र मोबदला मागता येत नाही. ते गेले की सातबारावर ओरडणारा कुणी नसतो. २६ जुलै २००५ ला गाढी नदीने तो हिशोब एका दिवसात मांडून दाखवला होता. जुने आणि नवीन पनवेल दोन्हीकडच्या लोकांना ती रात्र आठवते.

इस्लामी फिकहमध्ये एक जुनी संकल्पना आहे : हरीम. विहीर, नदी, कालवा यांच्याभोवती ठराविक पट्टा राखून ठेवायचा. त्या पट्ट्यावर कुणाची खासगी मालकी नाही, तिथे कुणी बांधकाम करायचे नाही, कारण पाण्यालाही हातपाय पसरायला जागा लागते. आजचा महाराष्ट्राचा नियमही याच जातीचा आहे. नदीची निळी पूररेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. म्हणजे शरीयतचा अभ्यासक आणि पाटबंधारे खात्याचा इंजिनीअर वेगवेगळ्या वाटेने एकाच ठिकाणी पोचले आहेत. फक्त आपण दोघांचेही ऐकत नाही. पूररेषा सरकवून मिळावी म्हणून खटपट होते, आणि त्या जागेवरच्या इमारतीत फ्लॅट घेणारे आपणच असतो.

ही गोष्ट एकट्या पनवेलची नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर. त्याने जमिनीखालून नहर काढली, डोंगराचे झिरपलेले पाणी उताराने शहरात आणले. नहर-ए-अंबरी म्हणून ती ओळखली जाते आणि पाणचक्कीला पर्यटक तिकीट काढून जातात. त्याच शहरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते. मलिक अंबरच्या नावाने अभिमान बाळगणारे आपण, नहरीवर बांधकामे झाली तेव्हा गप्प होतो. अभिमान फुकट असतो, देखभालीला पैसा आणि मेहनत लागते.

थोडे आपल्या मोहल्ल्याबद्दलही बोलले पाहिजे. कोकणातल्या जुन्या मशिदी कौलारू होत्या, लाकडी खांबांच्या, हवेशीर. अंगणात हौज, बाजूला विहीर. जमात वाढली, जागा कमी पडली, वाढवणे भागच होते. पण वाढवताना आपण बहुतेक ठिकाणी सगळेच पाडले. काँक्रीटचा स्लॅब आला आणि त्यामागून एसी आला. विहीर बुजवून बोअरवेल मारली. वाहत्या नदीवर वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही पैगंबरांची शिकवण आपण मुलांना शिकवतो, आणि वुजूचे पाणी सरळ गटारात सोडतो. तेच पाणी शोषखड्ड्यात किंवा कबरस्तानातल्या झाडांना देता येते. पनवेलसारख्या दाटीच्या गावात कबरस्तान ही उरलेल्या थोड्या मोकळ्या, मातीच्या जागांपैकी एक आहे. तिथे वाटांना फरशी घालण्याआधी ट्रस्टींनी एकदा थांबावे. जुमेराती-जुम्याला तिथे जाणारा माणूस सावलीत उभा राहतो, तोही वारसाच आहे.

आता वेळेचा मुद्दा. २०१३ मध्ये विमानतळ प्रभावित क्षेत्र, म्हणजे 'नैना', जाहीर झाले. पनवेल तालुक्यातली कितीतरी गावे त्यात आहेत आणि नगररचना योजनांमधून तिथे भूखंड पाडले जात आहेत. नवीन पनवेल तर वसून गेले, तिथे दुरुस्तीच करता येईल. नैनाचा मोठा भाग अजून कागदावर आहे. म्हणून बोलायचे ते आत्ताच बोलायला हवे.

माझ्या मागण्या साध्या आहेत. आराखडा काढताना आधी पाणी काढा, मग रस्ते. गावातल्या वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन प्रत्येक तलाव, ओढा, विहीर, बांध आणि उघाडी नकाशावर नावासकट नोंदवा. ओढ्याला पाइपात कोंबू नका, त्याचा हरीम मोकळा सोडा. सुशोभीकरणाच्या निविदेत दिव्यांच्या खांबांबरोबर दरवर्षीच्या गाळाचा खर्चही धरा. लेणी, दर्गा, देऊळ, सिनेगॉग, जुना वाडा यांची यादी गावपातळीवर करा आणि काम सुरू होण्याआधी ती लोकांसमोर लावा. आणि आपण नागरिकांनी हरकती-सूचनांची मुदत संपायच्या आत अर्ज द्यावा. तो मराठीत लिहायचा असतो, एका पानात मावतो. ज्यांना लिहायला जमत नाही त्यांना शाळेतली नववी-दहावीची मुले मदत करू शकतात. अर्जलेखन त्यांच्या अभ्यासक्रमात आहेच.

विमानतळावर नोकरी मागणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याला ती मिळो, ही माझी दुआ आहे. पण रात्रपाळी संपवून तो घरी येईल तेव्हा त्याच्या आईने गादी पलंगावर उचलून ठेवलेली नसावी आणि घरात गुडघाभर पाणी नसावे. त्या गाण्यापेक्षा साध्या गोष्टीला मी विकास म्हणतो.