अभिमन्यू आणि तंबाखूचे सूप

गर्भसंस्काराच्या वर्गांस जाणाऱ्या सुशिक्षित मंडळींस अभिमन्यूचा दाखला फार प्रिय. परंतु ज्या नलिकेपासून गर्भाचा मेंदू व मज्जारज्जू घडतात, ती गर्भधारणेपासून अवघ्या 28 दिवसांत, पुष्कळदा आईस चाहूलही लागण्यापूर्वी, मिटते. आणि तिला श्लोक नव्हे, फॉलिक आम्ल लागते, हे त्यांस कोणी सांगावे? आमच्या सोलापुरात विड्या वळणाऱ्या कित्येक स्त्रिया तंबाखूचे सूप मांडीवर घेऊनच दिवस काढतात. तो कोणता संस्कार? 1945 साली बोर्डीस गेलेल्या ताराबाई मोडकांनी, मुले बालवाडीत येईनात तेव्हा, बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. शिशूंचा अभ्यास म्हणावा तो हा! आमच्या पदवीधर बंधूंनी वर्गाची फी भरण्यापूर्वी शेजारच्या अंगणवाडीत एकदा तरी डोकवावे. पण तेथे म्हणे त्यांच्या मोलकरणीचे मूल जाते!