बोटांच्या बेचकीत

आषाढातल्या एका सकाळी माझी आत्या नातीचा हात धरून दवाखान्यात आली. मालाड पश्चिमेला चिंचोली बंदर रस्त्यालगत ती राहते. वय सत्तरीकडे झुकलेले, मधुमेह १५ वर्षांचा, आणि स्वतःच्या प्रकृतीविषयी बोलण्याचा मनस्वी कंटाळा. तक्रार तिची नव्हतीच, नातीची होती. ही मुलगी जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या तयारीसाठी पहाटे मार्वे रस्त्याने धावते. बोटांच्या मध्ये घर्षणाने फोड येऊ नयेत म्हणून तिने पाच बोटांचे मोजे घेतले आणि हौसेने आजीसाठीही एक जोड आणला. ‘हे माणसाचे मोजे आहेत की माकडाचे?’ असे म्हणून आत्या आधी हसली, मग नातीच्या समाधानाखातर तिने पाय पुढे केला. अंगठा आत गेला. दुसऱ्या बोटाशी मोजा अडला, कारण तेथे जोडवे होते. तो कसाबसा सारावा म्हणून नातीने एकेक बोट विलग केले, तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट यांच्या बेचकीतली कातडी पांढरीफटक, भिजल्या कागदासारखी सुटलेली दिसली. जोडव्याखाली तर लहानशी जखमच होती आणि तिला पाणी सुटले होते.

“दुखत नाही गं मुळीच,” आत्या मला सांगत होती. मला भीती वाटली ती नेमकी याच वाक्याची.

अशी जखम निरोगी पायाला झोंबते, चालू देत नाही. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांच्या नसांची संवेदना हळूहळू मंदावते, आणि दुखणे हा शरीराचा पहारेकरीच झोपी जातो. आम्ही नायलॉनचा एक तंतू तळव्याला टेकवून तो वाकेपर्यंत दाबतो. १० ग्रॅम भाराला वाकेल असा तो बेतलेला असतो, आणि डोळे मिटलेल्या रुग्णाने स्पर्श जाणवताच सांगायचे असते. आत्याने दोन्ही पायांच्या अंगठ्यांवर तो टेकल्याचे एकदाही सांगितले नाही. ‘सुरू कर की आता,’ एवढेच ती मध्ये एकदा म्हणाली.

बेचकीतल्या या दुखण्याला आपल्याकडे चिखल्या म्हणतात. भातलावणीच्या दिवसांत तासन्‌तास चिखलात उभे राहणाऱ्यांच्या पायांना त्या होत, आणि घरोघरी मेंदीचा पाला वाटून लावला जाई. मालाडमध्ये भातखाचरे उरली नाहीत, चिखल्या मात्र राहिल्या. त्यांना आता चिखल लागत नाही. सकाळी सबवेतल्या पाण्यातून वाट काढून गाडी पकडावी, ओल्या बुटांतच चर्चगेटपर्यंत तासभर उभे राहावे, दिवसभर वातानुकूलित कचेरीत तेच बूट पायांत वागवावे, एवढे पुरते. तळव्यांवर घर्मग्रंथी अतिशय दाट असतात आणि बोटे एकमेकांना चिकटलेली असतात, त्यामुळे घाम वाळायला वाव मिळत नाही. ओलीने कातडी मऊ पडते, तिच्यावर बुरशी वाढते, कधी तिच्या जोडीला जीवाणूही येतात. शेवटची बेचकी सर्वांत अरुंद. म्हणून बहुधा सुरुवात तेथूनच होते. ही भेगाळलेली जागा जीवाणूंना पायात शिरण्याचे दारच होते. पाय एकाएकी लाल होऊन सुजणे, तापणे, थंडी वाजून ताप येणे, यांचे मूळ पुष्कळदा करंगळीच्या या कोपऱ्यात सापडते. २६ जुलै २००५ च्या पावसानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची जी साथ आली, तिचे जंतूही साचलेल्या पाण्यातून फुटलेल्या कातडीवाटे शरीरात जातात. तेव्हा पायांना जखमा असताना तुंबलेल्या पाण्यातून चालावे लागले, तर पाय साबणाने धुऊन, कोरडे करून डॉक्टरांना लगेच विचारावे. प्रतिबंधक गोळीचा उपयोग पहिल्या ७२ तासांतच होतो.

आता मोज्यांकडे वळू. मालाड स्थानकाबाहेरच्या बाजारात दोन प्रकार दिसतात. एक जुना, अंगठ्याचा: अंगठा वेगळा आणि उरलेली चार बोटे एका पिशवीत. चपलेचा पट्टा मधे बसावा म्हणून बायका तो वापरतात. ही कल्पना फार प्राचीन आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस येथे सापडलेला लाल लोकरीच्या मोज्यांचा एक जोड आहे. तो दीड हजार वर्षांहून जुना असून त्याचा अंगठा असाच वेगळा विणलेला आहे, कारण तोही पट्ट्याच्या पादत्राणांवर घालायचा होता. जपानी लोकांचे ताबी याच जातीचे. दुसरा प्रकार पाच बोटांचा, हातमोज्यासारखा. चिखल्यांच्या दृष्टीने अंगठ्याच्या मोज्याचा लाभ थोडा, कारण ज्या बेचकीत रोग मुरतो ती त्याच्या पिशवीत तशीच बंद राहते. पाच बोटांच्या मोज्यात मात्र प्रत्येक दोन बोटांच्या मध्ये कापडाचा एक पडदा येतो. कातडीला कातडी घासत नाही आणि घाम टिपायला काही तरी असते. धावणाऱ्यांना, तसेच बोटांच्या मध्ये मऊ कुरूप होणाऱ्यांना याने खरोखर आराम पडतो.

याहून अधिक दावे कोणी केले तर सावध राहावे. या मोज्यांनी वाकडा झालेला अंगठा सरळ होत नाही, बुरशी मरत नाही, आणि ‘रक्ताभिसरण सुधारते’ हे वाक्य तर हल्ली उशीच्या खोळीवरही छापलेले आढळते. चिखल्या झाल्याच असतील तर बुरशीनाशक मलम डॉक्टरांच्या सल्ल्याने, आणि कातडी बरी दिसू लागल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत लावावे. औषधाच्या दुकानातून विनाचिठ्ठी आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे दोन दिवसांत खाज थांबवतात आणि बुरशीला मोकळे रान देतात. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात गजकर्ण इतके चिवट झाले, त्यात या मलमांचा वाटा मोठा आहे.

घेताना पारख करावी ती शिवणीची. मोज्याचा हलकेपणा वा जाडेपणा बोटांच्या टोकांवर आणि बेचकीच्या तळाशी कळतो. मोजा उलटा करून तेथे आपले बोट फिरवावे. गाठ किंवा कंगोरा लागला तर तो ठेवून द्यावा. ज्यांच्या पायांना स्पर्श कमी कळतो त्यांना असा कंगोरा जखम करील आणि कळणारही नाही. त्यांनी फिकट रंगाचा मोजा घ्यावा, म्हणजे रक्ताचा वा पाण्याचा डाग दिसतो, आणि घोट्यावर वळ उठवणारे घट्ट रबर टाळावे. बोटांच्या लांबीचाही प्रश्न असतो. करंगळीची नळी बहुतेकांना मोठी होते आणि तिचे टोक बुटात दुमडून बसते. ते दुमडलेले टोक हाच नवा खडा. निव्वळ सुती मोजा आपल्याला आपला वाटतो, पण भिजला की सुती कापड ओल धरून ठेवते. घाम फार येणाऱ्यांना मिश्र धाग्याचा पातळ मोजा बरा. बूटही पुढून रुंद हवा. चार पडदे वाढले की बोटांना जागा जास्त लागते, आणि निमुळत्या बुटात हा मोजा उपकारापेक्षा अपकारच करतो. पाय संध्याकाळी किंचित सुजलेले असतात, म्हणून बूट-मोज्यांचे माप तेव्हा पाहावे.

धुण्याचा विषय साधा वाटतो, पण मुंबईच्या पावसाळ्यात तोच अवघड. मोजा उलटा करावा, प्रत्येक बोट बाहेर काढावे आणि मग धुवावा; न उलटता धुतला तर बोटांतला मळ आणि कातडीचा भुगा आतच राहतो. बुरशीचे बीजाणू कोमट पाण्याला दाद देत नाहीत. चिखल्या असतील तर साधारण ६० अंशांच्या पाण्यात धुणे उत्तम, मात्र मोज्यावरच्या चिठ्ठीत तेवढी उष्णता चालते का ते आधी पाहावे. कपडे सुगंधी व मऊ करणारे द्रव वापरू नये. त्याने धाग्याची घाम टिपण्याची शक्ती कमी होते. पिळे देऊ नयेत, पंचात गुंडाळून दाबावा. वाळत घालताना तोंडाकडून चिमटा लावला तर सगळे पाणी पाच बोटांत उतरते आणि दोन दिवस ओल तेथेच राहते. म्हणून चिमटा बोटांकडून लावावा आणि दोरी पंख्याखाली बांधावी. उन्हाची तिरीप आलीच तर मोजा आधी, चादर मागून. निदान ३ जोड असावेत, आणि एकाचा मोजा दुसऱ्याने घालू नये, मग ते नवरा-बायको का असेनात.

हे सारे करूनही पाय ओले असतानाच मोजा चढवला तर काय उपयोग? अंघोळीनंतर आपण पाठ पुसतो, केस पुसतो, पाय मात्र पायपुसण्यावर आपटून मोकळे होतो. मऊ फडक्याचे टोक प्रत्येक बेचकीत घालून टिपायला अर्धे मिनिट लागते. टाचांच्या भेगांना कोकमतेल खुशाल लावावे, पण बोटांच्या मध्ये तेल वा मलई नको. तेथे ओलावा वाढवायचा नसतो. पाच बोटांच्या मोज्याचा मला सर्वांत मोठा वाटणारा गुण त्याच्या विणीत नाहीच. तो घाईने घालता येत नाही. पाच बोटे पाच नळ्यांत सारण्यासाठी मनुष्याला खाली वाकून स्वतःचे पाय पाहावे लागतात; आणि ज्याला वाकवत नाही त्याच्यासाठी दुसऱ्या कोणाला तरी.

राहिला प्रश्न आत्याच्या जोडव्यांचा. ४६ वर्षांपूर्वी लग्नात घातलेली ती चांदीची वेढणी बोटाच्या मांसात रुतली होती. साबण लावला, दोरा गुंडाळून पाहिला. शेवटी ओळखीच्या सोनाराला बोलावून टोके अलगद फाकवली, तेव्हा ती निघाली. आत्या त्या वेळी कोणाकडे पाहत नव्हती. तिचे यजमान बाहेर बाकावर बसून होते, ते आत येऊन म्हणाले, “मी ठणठणीत आहे अजून. पाय सांभाळ.” ती हसली नाही, पण तिने जोडवी रुमालात बांधून माझ्याकडे न देता त्यांच्या खिशात टाकली. तुमच्या घरात असा प्रसंग आला तर जखम होईपर्यंत थांबू नका. वेढणे फिरते का, खालची कातडी कशी आहे, हे दर आठवड्याला पाहावे. घट्ट झाले असेल तर सोनाराकडून सैल करून घेता येते, अंघोळीनंतर सरकवून त्याखालीही कोरडे करता येते. नसांची संवेदना गेली असेल तर मात्र ते बोटात न ठेवणेच शहाणपणाचे.

जखम भरायला ५ आठवडे लागले. आता रोज सकाळी नात धावून परतली की आजीच्या पायांशी बसते आणि मोजे चढवता चढवता दहाही बोटे पाहून घेते. सैल करून आणलेली जोडवी देवघरातल्या डबीत आहेत. गौरींच्या दिवशी ती घालण्याची परवानगी आत्याने माझ्याकडून मिळवली आहे. संध्याकाळची आरती झाली की काढून ठेवीन, असे तिने आपणहूनच सांगितले.