आजोबांची पेटी आणि तोशाचं झाड

मुलांनो,

नाताळच्या सुट्टीआधी आमच्या चौथीच्या वर्गात फरच्या झाडाचा विषय निघाला. एकजण पटकन म्हणाला, "बाई, फरचा तर कोट असतो ना?" सगळे खो खो हसले. पण त्याचं फारसं काही चुकलं नव्हतं. प्राण्याच्या केसाळ कातड्यालाही फर म्हणतात आणि या झाडालाही फरच! आपल्याकडे नाताळात सजवतात ते झाड बहुधा सुरूचं असतं, नाहीतर कुंडीतलं अरोकेरिया. त्यातलं एकही फर नव्हे.

खरं फर थंडीतलं. युरोप, सैबेरिया, जपान, उत्तर अमेरिका अशा ठिकाणी मिळून त्याच्या सुमारे ५० जाती आहेत. आपल्या देशात ते बघायचं तर हिमालय चढायला हवा. खाली चीड, मग देवदार आणि त्याच्याही वर, साधारण २,५०० ते ३,००० मीटर उंचीवर फरची रानं. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर उंच. तिच्या डोक्यावर आणखी अर्धं कळसूबाई ठेवा, तेव्हा कुठं फरचं रान सुरू होईल!

हिमाचलातले लोक याला 'तोश' म्हणतात आणि त्याच्याच शेजारी वाढणाऱ्या स्प्रूसला 'रई'. दोन्ही सूचिपर्णी, दोन्ही उंच आणि सरळसोट. मग ओळखायचं कसं? शंकू बघायचे. रईचे शंकू फांदीवरून खाली लोंबतात. तोशाचे मात्र समईत वात उभी असावी तसे ताठ उभे, आणि रंग जांभळा. पिकल्यावर ते अख्खे गळून पडत नाहीत. खवले एकेक करून झडतात आणि फांदीवर नुसती मधली काडी उरते. म्हणून झाडाखाली अख्खा वाळका शंकू सापडला, तर तो सहसा तोशाचा नसतो.

हे झाड आपल्याकडे उगवत नाही, पण येतं मात्र नक्की. तुमच्या आजीला विचारा, खोकल्यावरचं तालीसादि चूर्ण माहीत आहे का. त्यातलं तालीसपत्र म्हणजे हिमालयातल्या फरची पानं. (चूर्ण मनानं खाऊ नका हं, वैद्यांना विचारून!) उत्तर अमेरिकेतल्या बाल्सम फरच्या सालीत राळेचे फोड येतात. त्यातून मिळणारा 'कॅनडा बाल्सम' सुकला की काचेसारखा स्वच्छ दिसतो. सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्टीवर पातळ काच चिकटवायला तो वर्षानुवर्षं वापरला गेला.

आणि तिसरी वस्तू आमच्याच माळ्यावर आहे. आजोबांनी फळवाल्याकडून आणलेली सफरचंदाची रिकामी पेटी. उभी करून तिच्यात बाबांची शाळेची पुस्तकं ठेवायचे. लाकूड पांढुरकं, हलकं, खिळा सहज जाईल असं. तोशाचं की रईचं, ते आता सांगता यायचं नाही, पण हिमाचलातली सफरचंदं तेव्हा याच दोन लाकडांच्या पेट्यांतून यायची. दरवर्षी सफरचंदं वाढली, तशा पेट्या वाढल्या आणि तितकी झाडं तुटली. तोडण्याजोगं व्हायला तोशाला शंभराहून जास्त वर्षं लागतात. त्यातून कुजलेल्या पाल्याच्या जाड थरात त्याचं बी नीट रुजत नाही, आणि रुजलंच तर गुरं तुडवतात. पेटीचं काम काय, तर एकदा भरायची, मुंबई-पुण्याला पाठवायची आणि फोडून टाकायची!

तिथल्या सरकारच्याही हे लक्षात आलं. १९८० च्या दशकात हिमाचलात लाकडाऐवजी पुठ्ठ्याची खोकी वापरायला सुरुवात झाली. सुरुवातीला बागवाले कुरकुरले, कारण पावसात पुठ्ठा भिजतो, दबतो. हळूहळू सवय झाली. काश्मीरकडून अजून लाकडी पेट्या येतात, पण त्या बहुतेक पॉपलरच्या. पॉपलर भराभर वाढतं, लोक ते शेताच्या बांधावर मुद्दाम लावतात.

येत्या रविवारी आईबाबांबरोबर बाजारात गेलात की फळवाल्याच्या गाडीखाली जरा वाकून बघा. खोकं पुठ्ठ्याचं आहे की लाकडाचं, आणि त्यावर कुठल्या गावाचं नाव छापलंय? मला पत्रानं कळवा.

तुमच्या बाई