बंद ऋतूत जुनं इपॉक्सी शेडच्या कोब्यावर नको



16 जूनला बंद ऋतू लागतो आणि 15 ऑगस्टपर्यंत आपली जाळी तापीत पडत नाहीत. हे दोन महिने दुरुस्तीचे. होडीची डागडुजी, जाळ्यांची शिवण, शेडची साफसफाई. यंदा त्यात आणखी एक काम काही जणांच्या मनात आहे. मागच्या खोलीत इपॉक्सीचे जुने डबे पडलेत, ते काढून टेम्पो उभा राहतो तिथला कोबा रंगवायचा. मुदत संपलीय, पण "घरातलाच माल आहे, वाया कशाला घालवायचा?" असं त्यांचं म्हणणं.

आमचं मत सरळ आहे. पावसाळ्यात नको, आणि तपासल्याशिवाय तर कधीच नको.

का, ते सांगतो. साधा रंग वाळतो. इपॉक्सी वाळत नाही, ते रासायनिक क्रियेनं कडक होतं. एका डब्यात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही ठरल्या मापातच मिसळावे लागतात. फायबरच्या होडीला आपण पॉलिस्टर रेझिन लावतो, तिथं कॅटॅलिस्ट दोन थेंब जास्त टाकला की काम लवकर उरकतं. ती सवय इथं चालत नाही. इपॉक्सीत हार्डनर वाढवला तर जास्तीचा तसाच उरतो, आणि थर मऊ, चिकट राहतो.

जुन्या डब्यातलं रेझिन बहुतेक वेळा टिकतं. थंडीत ते साखरेसारखं दाणेदार झालं असेल, तर बंद डबा गरम पाण्यात ठेवला की परत पातळ होतं. घाबरायचं ते हार्डनरला. झाकण नीट लागलेलं नसेल तर तो हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो. नुसता पिवळा पडला म्हणजे बिघडला असं नाही. पण गुठळ्या किंवा पांढरे खडे दिसले तर तो डबा बाजूलाच ठेवा. आणि पाण्यात मिसळणारं इपॉक्सी असेल, तर मुदतीनंतर त्याचा भरवसा धरूच नका.

आता पावसाचं. आपला कोबा जमिनीतलं पाणी शोषतो, वरून बर्फाचं पाणी पडतं, टेम्पोखाली डिझेल सांडलेलं असतं. ओल्या किंवा तेलकट कोब्यावर इपॉक्सी धरत नाही. आज चकचकीत दिसेल, पण खंडव्याहून तापल्या टायरांनी टेम्पो आला की टायरला चिकटून पापुद्रे निघतील. मग सगळं घासून काढायला मशीन भाड्यानं आणा, नवा माल घ्या, मजुरी परत द्या. सोसायटीचा पैसा म्हणजे आपल्याच घरातला पैसा. डबे फुकट असले तरी हा खर्च फुकट नाही.

मे महिनाही बरा नव्हे. बुऱ्हाणपुरात पारा चाळिशीच्या वर गेला की मिसळलेलं इपॉक्सी बादलीतच तापून घट्ट होतं, कधी धूरही निघतो. दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंत, ऊन चढल्यावर दुपारी, हीच खरी वेळ.

मग बंद ऋतूत काय करायचं? तपासणी. एका जुन्या फरशीच्या तुकड्यावर, डब्यावर लिहिलेल्या मापानं थोडं मिसळून लावा. आठवडाभर कोरड्या जागी ठेवा. नखानं ओरखडा पडला, बोट चिकटलं, तर विषय संपला. कोब्याची तपासणी पाऊस सरल्यावर करा. दीड हात प्लास्टिक चारही बाजूंनी टेपनं चिकटवून एक दिवस-रात्र ठेवा. खाली ओल दिसली तर थांबा.

दोन गोष्टी मात्र पक्क्या धरा. जुना माल तपासणीत पास झाला तरी तो फक्त टेम्पोच्या जागी. मासळीचे क्रेट आणि बर्फ ठेवतो तिथं नाही. अर्धवट कडक झालेल्या रसायनावर आपण खायची मासळी ठेवणार का? आणि लावताना वर थोडी कोरडी बारीक वाळू भुरभुरा, नाहीतर ओल्या पायानं क्रेट उचलणारा माणूस घसरेल.

हातमोजे घातल्याशिवाय कुणी हात लावू नये. या मालाची अंगाला एकदा ॲलर्जी बसली की ती सहसा जात नाही. उरलेले डबे, ब्रश धुतलेलं थिनर राजघाटावर नेऊन तापीत ओतायचं तर मनातही आणू नका. कडक न झालेलं इपॉक्सी पाण्यातल्या जिवांना विष आहे. दोन महिने मासळीला अंडी घालायला मोकळीक द्यायची आणि त्याच पाण्यात हे सोडायचं, हे कुठल्या हिशोबात बसतं?

पुढच्या बैठकीत हा विषय घेऊ. तुकड्यावरची तपासणी सगळ्यांसमोर करू, नखानं ओरखडून बघू, आणि मगच ठरवू. कोबा आणखी चार महिने थांबू शकतो.